ओलाव्याचे यंत्र पाणी मोजते की क्षार?



आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, तोही बेभरवशाचा. रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, तर डाळिंबाच्या बागा ठिबकच्या मोजक्या पाण्यावर उभ्या आहेत. डाळिंबाला पाणी कमी पडले तर फळ पोसत नाही आणि ताणानंतर एकदम जास्त दिले तर फळ तडकते. म्हणून बरेच बागायतदार आता ओलावा मोजणारे यंत्र घेतात. पण काहींची तक्रार येते, "यंत्र ओल दाखवतंय, अन् झाडं तर सुकायला लागलीत." असं का होतं, ते समजून घेऊ.

यंत्र नेमके काय पाहते?

यंत्राला पाणी दिसत नाही. ते मातीत वीज सोडते आणि माती त्या विजेशी कशी वागते, एवढेच पाहते. मातीचे दोन गुण इथे महत्त्वाचे आहेत.

पहिला गुण वीज वाहून नेण्याचा. कोरडी माती वीज अडवते. माती ओली झाली की पाण्यात विरघळलेले क्षार वीज वाहू लागतात. मोटारीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आपण मीठ-कोळसा घालून पाणी ओततो, ते याचसाठी.

दुसरा गुण वीज धरून ठेवण्याचा. याच्या मापाला परावैद्युतांक म्हणतात. तो हवेचा १, कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५, तर पाण्याचा सुमारे ८० असतो. एवढा फरक असल्यामुळे मातीत थोडे पाणी वाढले तरी यंत्राला कळते.

वारंवारतेचा संबंध काय?

घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एफएम रेडिओच्या लहरी ८ कोटी ८० लाख ते १० कोटी ८० लाख करतात. यालाच वारंवारता म्हणतात. वारंवारता कमी असली की क्षारांचे कण विजेबरोबर इकडून तिकडे सरकतात आणि चिकणमातीच्या कणांभोवती जमा होतात. मग यंत्र त्यांनाही पाणी समजते. वारंवारता खूप वाढवली की क्षारांना सरकायला वेळच मिळत नाही, पाणी मात्र साथ देते. म्हणून एफएमच्या आसपासच्या वारंवारतेवर चालणारी यंत्रे जास्त भरवशाची. दोन खिळ्यांची स्वस्त यंत्रे बहुधा नुसती वाहकता पाहतात. ती क्षारपड जमिनीत फसतात.

त्यात आपली काळी जमीन चिकण. कालव्याखाली बऱ्याच ठिकाणी ती क्षारपडही झाली आहे. अशा जमिनीत पाणी असले तरी क्षारांमुळे मुळांना ते ओढता येत नाही. म्हणजे यंत्र ओल दाखवते आणि झाड तहानलेले राहते.

काय करावे?

१. यंत्र घेताना ते किती वारंवारतेवर चालते, ते विचारा.

२. माती परीक्षणाच्या अहवालातील 'विद्युत वाहकता' हा आकडा आधी पाहा. तो जास्त असेल तर यंत्रावर एकदम विसंबू नका.

३. यंत्राची पडताळणी करा. यंत्र लावले तिथलीच माती घेऊन लगेच वजन करा. प्रयोगशाळेत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करा. १२५ ग्रॅमची १०० ग्रॅम भरली तर वजनी ओलावा २५ टक्के. यंत्र बहुधा आकारमानाचे टक्के दाखवते, म्हणून दोन्ही आकडे जुळणार नाहीत. माती ओली, वाफशावर आणि सुकत आलेली असताना तीनदा तपासून दोन्ही वहीत लिहा. पुढे ती वही हाच आपला तक्ता.

४. यंत्राचे दांडे भेगेत घालू नका. भोवती हवा राहिली की ओल असून कोरडे दाखवते. माती घट्ट दाबून बसवा.

५. माती तापली की वाहकता वाढते. म्हणून रोज सकाळी ठरलेल्या वेळीच नोंद घ्या.

६. खत ठिबकमधून सोडल्यावर लगेच घेतलेली नोंद धरू नका. खतही क्षारच आहे.

यंत्र जरूर वापरा, पण मूठभर माती दाबून वाफसा ओळखायची सवय मोडू नका. यंत्र एक सांगतंय आणि माती दुसरंच, असं दिसलं तर पाणी सोडण्याआधी मुळाजवळ वीतभर खणून बघा.