म्या केलं : परदेशी वर्गातली आपली भाषा

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका रात्री अकराच्या सुमारास भाचीचा फोन आला. ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात भाषाविज्ञानात एम. ए. करते. तिकडे दुपार होती. तिनं विचारलं, "मामा, आजी 'म्या केलं' म्हणते ना? की मला उगाच तसं आठवतंय?"

माझी आई, म्हणजे तिची आजी, माण तालुक्यातली. ती 'म्या' म्हणते, 'त्वा' म्हणते, 'व्हतं' म्हणते. मी तसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "मी आज वर्गात सांगितलं, की मराठीत असं रूपच नाही."

या लेखाचा विषय ते एक वाक्य आहे. पण ते नीट कळायला परदेशी विद्यार्थ्यानं भाषाविज्ञान शिकणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मी स्वतः या विषयाचा पदवीधर नाही. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) जुन्या बाजारात मिळालं, तिथून माझी सुरुवात. पुढचं सगळं ग्रंथालयांतून आणि अलीकडे भाचीच्या कृपेनं.

आपल्याकडे शाळेनंतर थेट भाषाविज्ञानाकडे वळणारं मूल विरळा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी एम. ए. करता येतं, पण बहुतेक जण इंग्रजी, संस्कृत, मराठी, क्वचित इंजिनिअरिंग करून इकडे येतात. परदेशी जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ज्याचं सारं शिक्षण इंग्रजीतून झालं, त्यालाही अनेक ठिकाणी आपल्याला इंग्रजी येतं हे पैसे भरून सिद्ध करावं लागतं. ब्रिटनमध्ये एम. ए. एका वर्षाचं, पण परदेशी विद्यार्थ्याची फी भारी. अमेरिकेत पीएच. डी.ला फी माफ होऊन शिकवण्याच्या कामावर विद्यावेतन मिळू शकतं, एम. ए.ला ते सहसा मिळत नाही. भाचीनं कर्ज काढलं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. ती बारा तास ग्रंथालयात पुस्तकं लावते. हे सगळं कुठल्याही विषयाच्या विद्यार्थ्याला लागू आहे.

भाषाविज्ञानाच्या परदेशी विद्यार्थ्याचं वेगळेपण दुसरीकडे आहे. रसायनशास्त्र शिकायला गेलेला मुलगा सोबत रसायनं नेत नाही. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी मात्र अभ्यासाचा ऐवज तोंडात घेऊनच विमानात बसतो. पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात येतं, की वर्गाला त्याच्याइतकाच त्याच्या तोंडातल्या ऐवजातही रस आहे.

अनेक विद्यापीठांत या विषयाच्या अभ्यासक्रमात 'फील्ड मेथड्स' नावाचा वर्ग असतो. वर्गातल्या कुणालाच येत नसलेल्या भाषेचा एक बोलणारा समोर बसवतात. सत्रभर त्याला प्रश्न विचारून विद्यार्थी त्या भाषेचे ध्वनी, रूपं, वाक्यरचना शोधून काढतात. या बोलणाऱ्याला पूर्वी 'इन्फॉर्मंट' म्हणत, आपल्याकडे निवेदक. हल्ली 'कन्सल्टंट' म्हणतात. शब्द बदलल्यानं मान वाढला असेल, खुर्ची तीच आहे. भाची त्या खुर्चीवर आठवड्याला तीन तास बसत होती, मोबदला घेऊन. ग्रंथालयाचे बारा आणि हे तीन, म्हणजे वीसच्या आत.

या खुर्चीला मोठा इतिहास आहे. लिओनार्ड ब्लूमफिल्ड हे अमेरिकी भाषाविज्ञानातलं मोठं नाव. ते इलिनॉय विद्यापीठात शिकवत असताना आल्फ्रेडो व्हिओला सांतियागो नावाचा फिलिपीन्सचा विद्यार्थी तिथे वास्तुअभियांत्रिकी शिकत होता. त्यानं सांगितलेल्या गोष्टींवरून ब्लूमफिल्डनी टागालोग भाषेचं सविस्तर व्याकरण रचलं आणि 1917 साली ते छापलं. ते करायला त्यांना फिलिपीन्सला जावं लागलं नाही. फिलिपीन्स त्यांच्याकडे शिकायला आला होता. सांतियागोचं नाव त्या पुस्तकात आहे, ही नोंद महत्त्वाची. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

दुसरं उदाहरण लंडनचं. 1930च्या दशकाच्या मध्यावर जोमो केन्याटा तिथे मालिनोव्स्कींकडे मानववंशशास्त्र शिकत होते, आणि त्याच काळात युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ध्वनिशास्त्र विभागात लिलियस आर्मस्ट्राँग यांना आपली किकुयु भाषा बोलून दाखवत होते. आर्मस्ट्राँग 1937 मध्ये वारल्या. किकुयुच्या स्वरांच्या चढउतारांवरचं त्यांचं पुस्तक 1940 साली आलं. केन्याटांनी स्वतः 1938 साली आपल्या समाजावर 'फेसिंग माउंट केनिया' लिहिलं. एकाच माणसाकडे एका विभागात निवेदकाची भूमिका, दुसऱ्या विभागात अभ्यासकाची. पुढे ते स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

मराठी माणसांनी ही खुर्ची बरीच लवकर फिरवली. अशोक केळकर कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि 1958 साली मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून पीएच. डी. झाले. बोलणारे तेच, ऐकणारे तेच, मांडणारेही तेच. महादेव आपटे यांनी 1962 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात मराठीवरच प्रबंध लिहिला, तेव्हा चॉम्स्कींचं रचनांतरणाचं व्याकरण अगदी ताजं होतं. त्या व्याकरणानं परदेशी विद्यार्थ्याला एक मोठी सोय करून दिली. वाक्य बरोबर की चूक, हे त्या भाषेच्या बोलणाऱ्याला आतून कळतं आणि ते कळणं हाच पुरावा, असं ते मानतं. म्हणजे इथाकाच्या बर्फात एकट्या खोलीत बसूनही मराठीचं संशोधन करता येतं.

सोयीसोबत त्यातच एक खड्डाही आहे. भाची त्यात पडली.

त्या दिवशी वर्गात विषय होता भूतकाळाचा. 'त्यानं आंबा खाल्ला' या वाक्यात कर्त्याला 'नं' लागतो आणि क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. कर्त्यावर असा वेगळा प्रत्यय येण्याला भाषाविज्ञानात 'एर्गेटिव्ह' म्हणतात. आता 'मी आंबा खाल्ला' घ्या. क्रियापद इथेही आंब्याप्रमाणेच चालतं, 'मी पोळी खाल्ली' होतं. पण 'मी'ला काहीच लागलेलं नाही. 'तू'चंही तसंच. वर 'तू पोळी खाल्लीस' यात क्रियापद दोन धन्यांची चाकरी करतं : 'ली' पोळीची, 'स' तुझा. परदेशी अभ्यासकांना मराठीत रस वाटतो तो अशा जागी. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या सर्वनामांना हा प्रत्यय नसावा आणि बाकी सगळ्यांना असावा, ही विभागणी फक्त मराठीची नाही. ऑस्ट्रेलियातल्या डिर्बल भाषेत ती आहे. मायकेल सिल्व्हरस्टीन यांच्या 1976 सालच्या निबंधाचा भर तिच्यावरच आहे : बोलणारा आणि ऐकणारा हे कर्तेपणात सर्वांत वर, म्हणून त्यांच्यावर कर्तेपणाची खूण करण्याची गरज कमीत कमी.

मराठी या नियमात छान बसते, असं वर्गाचं मत होत आलं होतं. तेवढ्यात प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, तुमच्या घरात, गावात, कुणीच 'मी'चं वेगळं रूप वापरत नाही का? भाची म्हणाली, नाही. म्हणजे ऐकलंय, पण ते चूक आहे.

'चूक' हा शब्द ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं, असं ती सांगत होती.

'म्या' चूक नाही. ते संस्कृत 'मया'शी नातं सांगणारं रूप आहे. ज्ञानेश्वरीत 'मियां', 'म्यां' आहे. व्याकरणातल्या 'मी'च्या तृतीयेत 'म्यां' आहे. शहरी, छापील मराठीनं ते टाकलं आणि 'मी'लाच दोन्ही कामं दिली. म्हणून 'मी आंबा खाल्ला' यातला 'मी' दिसतो प्रथमेचा, वागतो तृतीयेचा. माणदेशातल्या माझ्या आईच्या तोंडी मात्र 'मी गेलो न्हाय' आणि 'म्या केलं न्हाय' हा फरक अजून शाबूत आहे. म्हणजे सिल्व्हरस्टीनचा नियम तपासायला मराठी घ्यायची तर कोणती मराठी, हा प्रश्न आधी येतो. आणि वर्गात बसलेल्या भाषेच्या एकमेव साक्षीदारानं त्यातली एक अगोदरच बाद केली होती.

तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. मी तिसरीत असताना आईला पहिल्यांदा सुधारलं. "म्या नाही, मी म्हणायचं." ती चूल फुंकत होती. ती "बरं" म्हणाली आणि पुढे माझ्या देखत शक्य तितकं जपून बोलत राहिली. दामल्यांचं व्याकरण हाती आलं तेव्हा मी चाळिशीत होतो.

उलट दिशेनं आलेल्या एका परदेशी विद्यार्थिनीचं इथे स्मरण होतं. मॅक्सीन बर्नसन 1966 साली फलटणला आल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी त्यांनी केलेला प्रबंध फलटणच्या बोलण्यावर आहे : एकाच गावात कोण काय म्हणतं आणि का म्हणतं. त्यांना 'प्रमाण' आणि 'अशुद्ध' हे कप्पे लहानपणापासून कुणी दिलेले नव्हते, म्हणून त्यांना गावातला फरक हा फरक म्हणून ऐकू आला असावा, असं मला वाटतं. पुढे त्या फलटणच्याच झाल्या, भारतीय नागरिक झाल्या, तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली. आमचं गाव फलटणहून फार दूर नाही. मात्र माझ्या भाचीला ते अंतर कापायला अमेरिकेतून वळसा घ्यावा लागला.

तिनं सत्राच्या निबंधासाठी विषय बदलला आणि आजीच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण मागवलं. मी डिसेंबरात गावी गेलो. माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या समितीची परवानगी आणि बोलणाऱ्याची लेखी संमती लागते. तो अर्ज मराठीत करून भाचीनं पाठवला होता. आईनं चष्मा लावून तो सगळा वाचला, सही केली. मी मोबाइल सुरू केला आणि आई शुद्ध बोलायला लागली. चाळीस मिनिटं. "मी तेव्हा लहान होते. मी पाणी आणले." पुस्तकातलं 'आणले', शेवटच्या एकारासकट! विल्यम लबॉव्ह यांनी याला निरीक्षकाचा पेच म्हटलंय : माणसं आपण ऐकत नसताना कशी बोलतात, हे आपल्याला ऐकायचं असतं. माझ्या बाबतीत पेच जुना होता. तिच्यासमोर तिसरीतला मुलगाच बसला होता.

शेवटी मी उठून बाहेर गेलो आणि शेजारच्या काकूंना आत पाठवलं. मुद्रण चालूच आहे, हे आईला सांगूनच गेलो. दोघी बहात्तरच्या दुष्काळावर बोलल्या; सुकडी, खडी फोडायचं काम, हजेरी. भाचीनं मोजलं : त्या भागात 'म्या' एकोणीस वेळा आलंय, 'त्वा' चार वेळा. 'मी केलं' एकदाही नाही.

निबंध मे महिन्यात झाला. त्यात आजीची नोंद 'वक्ता 1, स्त्री, वय 82, जिल्हा सातारा' अशी आहे. नाव द्यायचं नाही, हा प्रघात. भाचीनं व्हिडिओवर ते पान दाखवलं तेव्हा आईनं विचारलं, "बोलले म्या, आन् नाव कुठं हाय माझं?" भाचीनं तिला सांतियागोची गोष्ट सांगितली. अर्जात खाली एक चौकट होती, ती त्या वेळी आम्ही दोघांनीही नीट वाचली नव्हती : 'माझे नाव प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही.' नवा अर्ज आला आहे. आईनं चौकटीत बरोबरची खूण करून सही केली आहे. दिवाळीनंतर मी तो पोस्टात टाकणार आहे.