जिवाणू म्हणून ठेवला, तो विषाणू निघाला

विषाणू म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकलो आहोत. अतिसूक्ष्म, साध्या सूक्ष्मदर्शकातून न दिसणारा आणि प्रथिने तयार करण्याची स्वतःची सामग्री नसलेला. ही समजूत एका विषाणूने कशी हलवली, ते आज पाहू.

१९९२ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाच्या साथीचा शोध घेताना कूलिंग टॉवरचे पाणी तपासण्यात आले. त्यातील अमिबात एक कण सापडला. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो, म्हणजे तो जिवाणूच, असे धरून त्याची नोंद झाली. पुढे २००३ साली फ्रान्समधील मार्सेलच्या शास्त्रज्ञांनी तो विषाणू असल्याचे सिद्ध केले. जिवाणूची नक्कल करणारा म्हणून त्याला 'मिमिव्हायरस' हे नाव मिळाले. त्याच्यात ९०० हून अधिक जनुके आढळली.

त्यांतील चार जनुकांनी शास्त्रज्ञांना चकित केले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही आम्ले २० प्रकारची असतात आणि 'वाहक आरएनए' त्यांना कामाच्या जागी पोहोचवतो. कोणता माल कोणत्या हातगाडीवर चढवायचा, हे गोदामात मुकादम पाहतो. पेशीत हे काम विशिष्ट प्रथिने करतात. माल चुकला की साखळीचा दुवा चुकतो आणि प्रथिन बिघडू शकते. असे चार मुकादम या विषाणूजवळ निघाले!

त्यांपैकी टायरोसिन हे आम्ल चढवणाऱ्या प्रथिनाची रचना २००७ साली प्रसिद्ध झाली. त्याचे दोन सारखे भाग एकमेकांना जोडलेले असतात. टायरोसिन बसण्याची खाच पेशींतील अशा प्रथिनांसारखीच आहे. परंतु दोन भागांची जुळणी आणि वाहक आरएनए ओळखण्याची जागा वेगळी आहे. प्रयोगात हे प्रथिन टायरोसिनच निवडते, असे दिसले. २०१८ साली ब्राझीलमधील 'तुपानव्हायरस' या विषाणूत तर वीसही आम्लांचे मुकादम आढळले.

तरीही साखळी जोडणारा कारखाना, म्हणजे रायबोसोम, या विषाणूंपाशी नाही. त्यासाठी त्यांना अमिबाच्या पेशीतच शिरावे लागते. म्हणजे जुनी व्याख्या सगळीच खोटी ठरली नाही. तिची हद्द मात्र बदलली.

हे सारे परदेशातच घडले असे नाही. पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी मुंबईच्या सांडपाण्यातून 'मिमिव्हायरस बॉम्बे' वेगळा केला व २०१६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सापडलेल्या आणखी एका महाकाय विषाणूची माहिती आली. त्याचे नाव 'कुर्लाव्हायरस'! नाव ऐकून कुर्ल्याच्या माताभगिनींनी घाबरू नये. हे विषाणू अमिबात वाढतात.

केवळ परंपरेने चालत आले किंवा ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ब्रॅडफर्डचा तो कण अकरा वर्षे चुकीच्या नावाखाली राहिला, कारण 'एवढा मोठा विषाणू असूच शकत नाही' हे सर्वांनी गृहीत धरले होते. कुणाची जागा कोणती, हे आधीच ठरवून टाकल्याने काय होते, ते आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. आपल्या मुलामुलींनी विज्ञान घोकू नये, ते तपासायला शिकावे, असे आम्हांस वाटते.