रूळ लहान, पाऊस पूर्ण मापाचा

बागेत धावणाऱ्या छोट्या रेल्वेकडे पाहणाऱ्याचं लक्ष आधी इंजिनाकडे जातं, मग डब्यांकडे. रुळांखाली काय आहे, हे बहुधा कुणी पाहतच नाही. बांधणाऱ्याची खरी कसोटी मात्र तिथेच लागते. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी ही गाडी बाजारात आणली. मीटरगेज रेल्वेची १:२२.५ या प्रमाणातली ही प्रतिकृती ४५ मिलिमीटर गेजच्या रुळांवर चालते आणि उन्हापावसात टिकावी म्हणूनच घडवलेली आहे. ब्रिटनमध्ये तिच्या जोडीला ३२ मिलिमीटरचं गेजही लोकप्रिय आहे. वेल्समधल्या स्लेटच्या खाणींसाठी बांधलेल्या दोन फुटी रेल्वेच्या प्रतिकृती त्यावर धावतात. आपली नेरळ-माथेरानची गाडीही दोन फुटी गेजचीच, तेव्हा तिची या वेल्श प्रतिकृतींच्याच प्रमाणातली प्रतिकृतीही ३२ मिलिमीटरच्या रुळांवरच बसेल. गेज कोणतंही निवडलं तरी पहिला प्रश्न एकच असतो: रूळ जमिनीवर टाकायचे की खांबांवर उचलून घ्यायचे? माझं म्हणणं असं, की जमेल तिथे ते उचललेच पाहिजेत. सोय किंवा शोभा हे त्यामागचं मुख्य कारण नाही. रेल्वे लहान करता येते, जमीन आणि हवामान लहान करता येत नाही, हे खरं कारण आहे.

प्रतिकृतीत सगळी मापं एकाच प्रमाणात घटतात. गाडीला रुळांवर धरून ठेवणारी चाकाची कड ४५ मिलिमीटरच्या गेजवर जेमतेम तीन मिलिमीटर खोल असते. एक रूळ दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली गेला, तर मूळ मीटरगेजच्या हिशेबाने तो ४५ मिलिमीटर खचला. पण रूळ हलवणाऱ्या गोष्टींचं माप तेच राहतं. गांडूळ वर टाकतं ती माती तेवढीच असते, झाडाचं मूळ तेवढंच जाड असतं, पावसाची सर तेवढ्याच जोराची असते. लंडनच्या परिसरातली चिकणमाती ओल आली की फुगते आणि कोरड्या उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आपल्याकडच्या काळ्या रानातही हेच होतं. जर्मनीत इमारतीचा पाया साधारणपणे ८० सेंटिमीटर खोल नेतात, कारण कडक हिवाळ्यात तिथवर माती गोठू शकते आणि गोठताना वर उचलली जाते. ही हालचाल काही मिलिमीटरांची असली, तर खऱ्या गाडीला तिचं फारसं काही वाटणार नाही. बागेतल्या गाडीला रुळांवरून उतरवायला मात्र ती पुरेशी आहे.

चढाचा हिशेब याहून कडक आहे. दहा किलोची गाडी १:५० च्या चढावर असेल, तर तिला मागे खेचणारा जोर २०० ग्रॅम वजनाइतका असतो. १:२५ वर तो ४०० ग्रॅम होतो. म्हणून जाणकार १:५० च्या पुढे सहसा जात नाहीत. पण सरासरी चढ कागदावर १:५० असून भागत नाही. तीस सेंटिमीटरच्या लांबीत रूळ सहा मिलिमीटर खचला, की तेवढ्या टप्प्यात चढ दुप्पट होतो आणि इंजिनाची चाकं नेमकी तिथेच जागच्या जागी फिरायला लागतात. ब्युटेनच्या ज्योतीवर पाणी उकळून चालणाऱ्या वाफेच्या छोट्या इंजिनांना तर समपातळीच हवी. त्यातल्या अनेक इंजिनांचा वेग दुरून आवरता येत नाही, त्यामुळे ती चढावर दमतात आणि उतारावर सुसाट सुटतात. आता घरामागची बाग बारा मीटरमध्ये साठ सेंटिमीटर उतरते असं धरू. हा उतार १:२० झाला, म्हणजे माथेरानच्या गाडीच्या वाट्याला येणारा घाटातला चढ. अशा बागेत समपातळी हवी असेल, तर वरच्या टोकाला जमिनीलगत असलेला रूळ खालच्या टोकाला साठ सेंटिमीटर उंचावर येणारच. इथे उंची हौस म्हणून येत नाही, ती समपातळीच्या पोटातूनच येते.

उचललेला मार्ग बांधण्याची एक रीत जवळून पाहण्यासारखी आहे. आधी दोरी आणि खुंट्यांनी मार्ग आखतात, मग साठ ते नव्वद सेंटिमीटरवर एकेक खांब रोवतात. पातळी काढायला आपले गवंडी जोत्यासाठी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. पहिल्या खांबावरची खूण या नळीने सगळ्या खांबांवर नेली, की खांब खुणेवर कापायचे. त्यावर येते ती शिडी. रिसायकल केलेल्या प्लास्टिकच्या दोन लांब पट्ट्या कडेवर उभ्या ठेवतात आणि त्यांच्यामध्ये ठरावीक अंतराने ठोकळे स्क्रूने आवळतात. एक पट्टी खांबांवर धरून हाताने वळवायची, हव्या त्या बाकात आणायची, ठोकळे बसवायचे आणि मग दुसरी पट्टी आवळायची. सगळे स्क्रू घट्ट झाले, की एकेकटी लवचीक असलेली पट्टी जोडीने ताठ होते आणि दिलेला बाक धरून ठेवते. यातली सर्वांत मोलाची गोष्ट पट्टी स्वतःच करते. ती एकदम वळत नाही. सरळ भागातून बाकात शिरताना तिचं वळण हळूहळू वाढत जातं. खऱ्या रेल्वेत अभियंते गणित करून जे संक्रमण वक्र आखतात, त्यांच्या अगदी जवळचा आकार इथे पट्टीच्या ताणातून आपोआप मिळतो. तयार रुळांचे ठरावीक तुकडे जोडून केलेल्या मार्गात हे होत नाही. तिथे सरळ संपतो आणि पूर्ण वळण लगेच सुरू होतं, आणि तिथेच डबे झोकांडतात.

या रीतीवरचा एक आक्षेप पूर्णपणे खरा आहे. हे प्लास्टिक उन्हात पितळेच्या पाचपटीहून जास्त प्रसरण पावतं. पितळेचा दहा मीटर लांब रूळ तीस अंशांच्या फरकाने जवळजवळ सहा मिलिमीटर वाढतो. शिडी तेवढ्याच लांबीत तीन सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढू शकते. लाकूड उष्णतेने लांबीत फारसं बदलत नाही, पण ओलीने पिळवटतं आणि मातीला टेकलं की कुजतं. काँक्रीटचं प्रसरण पितळेपेक्षा कमी असलं तरी प्लास्टिकच्या मानाने त्याच्या पुष्कळ जवळ जाणारं; पण ते एकदा ओतलं की हलवता येत नाही. यावर तोडगा असा, की रूळ शिडीला जखडायचेच नाहीत. स्लीपरला लांबट भोक पाडून स्क्रू थोडा सैल ठेवायचा, शिडीला मधे मधे सांधे द्यायचे आणि लांबच लांब सरळ भाग टाळायचे, कारण बाकदार मार्ग वाढलेली लांबी कडेला सरकून पचवतो. ही अडचण आधी मोजता येते आणि आखणीतच तिची सोय लावता येते. जमिनीच्या हालचालीचा असा आधी हिशेब मांडता येत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. खरी रेल्वे तर जमिनीवरच असते, खडीच्या थरावर सुटी तरंगते; मग बागेतही तसंच का नको? चर खणून खडी भरली आणि पाण्याचा निचरा साधला, तर जमिनीवरचे मार्ग चालतात, हे खरं आहे. पण खरी रेल्वे जशी दिसते तशी मातीवर टेकलेली नसते. ती दाबून बसवलेल्या भरावावर आणि जाड खडीवर असते आणि गँगमन ती सतत निगुतीने राखतात. खडीचा तीस सेंटिमीटरचा थर १:२२.५ या प्रमाणात आणला, तर तेरा मिलिमीटर उरतो, आणि त्याला एक गांडूळ भारी पडतं. शिवाय पाण्यापुढे खऱ्या रेल्वेचंही सगळं चालतं असं नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने माथेरानचा मार्ग असा उखडला, की गाडी २००७ मध्येच पुन्हा सुरू झाली. जमिनीवरचा छोटा मार्ग दर मोसमानंतर कोचा मारून, खडी घालून पुन्हा पातळीत आणावा लागतो. उचललेल्या मार्गात एखादा खांब बसलाच, तर शिडीचे दोन स्क्रू काढायचे, खाली पाचर घालायची आणि पुन्हा आवळायचे. चूक कुठे आहे ते तिथे लगेच कळतं आणि दुरुस्ती तेवढ्याच जागी होते.

तिसरा आक्षेप रसिकाचा: खांबांवरची गाडी फळीवर मांडल्यासारखी दिसते, तिला परिसर नसतो. त्यावर एक उत्तर खुद्द रेल्वेच्या इतिहासात आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्निना मार्गावर ब्रुझिओ इथे गाडी १९०८ मध्ये बांधलेल्या नऊ कमानींच्या गोल पुलावरून उतरत स्वतःच्याच मार्गाखालून जाते. अरुंद दरीत उतार सात टक्क्यांच्या आत ठेवायला दुसरा मार्ग नव्हता. तिथेही रूळ उचलले गेले ते पातळीच्या गरजेतून, आणि तेच दृश्य जगभरचे लोक पाहायला जातात. शिवाय त्या पुलाची त्रिज्या ७० मीटर, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे तीन मीटर आहे. एलजीबीच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या साठ सेंटिमीटर, म्हणजे मूळ मापात साडेतेरा मीटर. अशा वळणावर डबा आतल्या बाजूला लोंबकळतो. गाडीचा खरेपणा खांबांपेक्षा या आखूड वळणाने जास्त बिघडतो. दुसरं उत्तर कृतीचं आहे. खांबांच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध घालून मधे माती भरावी, त्यात थाइम, सेडम, बुटके सूचिपर्णी वृक्ष लावावेत. माती खाली बसली तरी खांब स्वतंत्र उभे असल्याने रूळ जागचे हलत नाहीत. राहतो तो पडण्याचा धोका. पाऊण मीटरवरून खाली आलेलं जड इंजिन वाचत नाही. त्यासाठी मार्गाचा माथा गाडीहून रुंद ठेवावा आणि पुलांना व वळणांना कठडा द्यावा. धोका शून्यावर येत नाही, पण गाडी रुळांवरून उतरण्याची कारणंच घटतात.

खर्च आणि श्रम सुरुवातीला जास्त लागतात, यात वाद नाही. सपाट, निचऱ्याच्या जमिनीवर एखाद्या हंगामापुरतं छोटं वर्तुळ घालणाऱ्याने खांब रोवायची गरज नाही. पण ज्याला हा छंद वर्षानुवर्षं करायचा आहे, त्याने आपली पहिली गुंतवणूक इंजिनात न करता आधारात करावी. मार्ग पूर्ण झाला, की त्यावरून एकच मोकळा डबा हलक्या हाताने ढकलत न्यावा. सांध्यावर तो उडतो का, बाकात घासतो का, कुठे सोडला तर आपोआप घरंगळतो का, हे प्रत्येक मीटरला पाहावं. त्या परीक्षेत मार्ग एका पावसाळ्याआधी आणि पुन्हा पावसाळ्यानंतरही उतरला, तर मगच इंजिन विकत घ्यावं.