गाडी लागली की इंजेक्शन?

महाबळेश्वरच्या बाजारात आमचं मेडिकल आहे. वर्षभर हमखास खपतात त्या दोन गोष्टी : गाडी लागते म्हणून उलटीची गोळी आणि चढउतारानं दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी मलम. दोन्ही मी फारसं न विचारता देते. पण ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन चालू असलेल्या मुलासाठी कुणी मागितलं, तर आधी चार प्रश्न विचारते. बापाला राग येतो. येऊ दे.

हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत तयार होतं. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. वाढ चारच्या खाली गेली, तर कारण शोधायला हवं. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांच्या मोजमापांवरून केलेले वाढीचे तक्ते इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं 2015 मध्ये स्वीकारले. बालरोगतज्ज्ञ त्यावर ठिपके मांडतात. मग डाव्या हाताचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, आणि हार्मोन खरंच कमी निघालं तर रोज रात्री पेननं कातडीखाली टोचायचं. वर्षानुवर्षं.

औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. जुलैत आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून एका स्ट्रॉबेरीवाल्या घराचा डबा पावसाळाभर आमच्या इन्व्हर्टरच्या फ्रिजमध्ये असतो. फ्रीजरमध्ये मात्र चुकूनही ठेवायचं नाही. एकदा गोठलेलं औषध फेकून द्यायचं, कितीही महाग असलं तरी.

त्या घरातल्या आजींनी मला दबक्या आवाजात विचारलं होतं, ‘हे मेलेल्या माणसाचं काढतात म्हणं?’ भीती अगदीच हवेतली नव्हती. 1958 मध्ये अमेरिकेत मॉरिस राबेन यांनी मृतांच्या पिट्यूटरीतून काढलेल्या हार्मोननं मूल वाढतं हे दाखवलं आणि पुढे सत्तावीस वर्षं तेच वापरात होतं. 1985 मध्ये ते घेतलेल्या काही तरुणांना मेंदूचा एक जीवघेणा आजार झाल्याचं उघड झालं आणि ते बंद झालं. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं हार्मोन अमेरिकेत मंजूर झालं. आता मिळतं ते प्रयोगशाळेतलं, त्यात माणसाची ग्रंथी नाही. आजींचं समाधान झालं, निदान त्यांनी तसं दाखवलं.

आता घाटाकडे वळते. ‘वहिनी, पोरगं केळघर घाटात ओकलं, गोळी द्या.’ मी विचारते, घाटातच ओकलं की सकाळी उठल्या उठल्यासुद्धा? डोकं दुखतं का? एकाचे दोन दिसतात का? या हार्मोननं अंगात पाणी आणि मीठ धरून राहतं. म्हणून सुरुवातीला हातपाय थोडे सुजतात, सांधे दुखतात. क्वचित मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढतो. हे बहुधा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्या-महिन्यांत होतं. अशा वेळी डॉक्टर डोळ्यांचा पडदा तपासतात, इंजेक्शन थांबवतात आणि दाब उतरल्यावर कमी डोसनं पुन्हा सुरू करतात. वेळेवर कळलं तर काम सोपं आहे. उलटीच्या गोळ्यांवर महिना काढला, तर नजरेवर बेतू शकतं.

थंडीचंही तसंच. दोनशे इंचांच्या पावसात कोणाला थंडी वाजत नाही? पण मूल सारखं गारठलेलं, सुस्त, पोट साफ नसलेलं दिसलं, तर थायरॉईड पाहावं. हे उपचार सुरू झाले की थायरॉईडची दडलेली कमतरता कधी कधी वर येते. आणि नुसती टीएसएच करून भागत नाही. पिट्यूटरीच दुबळी असली तर तो आकडा नॉर्मल येऊ शकतो. फ्री टी-फोर करायला हवी. साखरेवरही लक्ष लागतं, घरात मधुमेह असला तर जास्तच. सुई रोज एकाच जागी टोचली तर तिथली चरबी झिजून खड्डा पडतो. मांडी, पोट, दंड अशा जागा बदलत राहायचं. कॅन्सरचं विचाराल, तर आधी निरोगी असलेल्या मुलांत धोका वाढल्याचा ठोस पुरावा नाही. ज्यांना तो पूर्वी होऊन गेलाय, त्यांचा हिशेब वेगळा.

एक गिऱ्हाईक मी सरळ परत पाठवते. सातारा जिल्ह्यात पोलीस भरतीचं वेड मोठं, पुरुषांना 165 सेंटीमीटर उंची लागते, आणि दीड-दोन सेंटीमीटरनं हुकलेली पोरं ‘उंचीचं इंजेक्शन’ विचारत येतात. हाडांची टोकं एकदा जुळली की हे औषध उंची वाढवत नाही. जास्त घेतलं तर पंजे, पावलं, जबडा मात्र जाड होतो.

राहिला गुडघा, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच. मूल झपाट्यानं वाढू लागलं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, वाढीची कूर्चा असते तिथून, क्वचित सरकतो. तसं दुर्मीळच, पण गंमत अशी की बिघाड खुब्यात असतो आणि मूल बोट ठेवतं गुडघ्यावर. आमच्या गावात त्याला ‘चढानं झालं असेल’ म्हणायला सगळे तयारच. उशीर झाला तर गोळा आणखी सरकतो. वेळेत स्क्रू घालून तो जागेवर धरता येतो. म्हणून इंजेक्शन चालू असलेलं मूल लंगडू लागलं, तर त्याला चालवू नका, मलम चोळू नका, त्याच दिवशी गाडी करून न्या. आणि दुखतंय ते गुडघ्यात म्हणालं, तरी डॉक्टरांना इंजेक्शनचं सांगून दोन्ही खुब्यांचा फोटो काढायला लावा.