रॉक मशीन ते इंडस क्रीड

डीप पर्पल हा ब्रिटिश बँड 1968 मध्ये सुरू झाला. गायक, गिटारवादक बदलत गेले. ड्रमर इयन पेस मात्र प्रत्येक संचात राहिले. मुंबईच्या मातीतल्या ‘रॉक मशीन’ या हार्ड रॉक बँडचा प्रवासही असाच आहे : बरेच बदलले, पण गाभा टिकला.

■ 1984 : मुंबईत ‘रॉक मशीन’ची स्थापना. संस्थापकांत गिटारवादक महेश तिनईकर. गायक उदय बेनेगल नंतर आले.

■ 1988 : ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम. परदेशी गाण्यांच्या नकला वाजवण्याच्या त्या काळात हे मोठे धाडस होते.

■ 1993 : नवे नाव ‘इंडस क्रीड’. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंती पुरस्कार.

■ 1997 : बँड थांबला. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी पुढे ‘आम्स फॉर शांती’ हा बँड उभारला.

■ 2010 : पुनरागमन. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया यांच्यासोबत बास आणि ड्रम्सवर नवे वादक.

■ 2012 : ‘इव्हॉल्व्ह’ अल्बम.

नाव बदलले, वादक बदलले, तरी स्वतःचीच गाणी वाजवण्याचा आग्रह सुटला नाही. भारतीय रॉकला या बँडने दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच.