कोणतं औषध, हे चिठ्ठीनं ठरलं

काँगोच्या पूर्व टोकाला, युगांडाच्या सीमेलगत उत्तर किवू नावाचा प्रांत आहे. १ ऑगस्ट २०१८ रोजी तिथं इबोलाची साथ जाहीर झाली आणि २० नोव्हेंबरला त्याच भागातल्या उपचार केंद्रांत एक औषधचाचणी सुरू झाली. इबोलावर देऊन पाहता येतील अशी तीन औषधं सुरुवातीला हाताशी होती, पुढं चौथं आलं. दाखल झालेल्या रुग्णाला त्यांतलं कोणतं मिळणार, हे डॉक्टरांच्या पसंतीवर नव्हतं, नातेवाइकांच्या विनवणीवरही नव्हतं. चिठ्ठी टाकावी तसं ते निव्वळ योगायोगानं ठरत होतं. रुग्ण तान्हं बाळ असो की गरोदर बाई, नियम सगळ्यांना एकच.

हे ऐकून अंगावर काटा येतो. जो प्रदेश गेली कित्येक वर्षं बंदुकांच्या धाकात जगतोय, तिथल्या माणसांवर आता औषधांचे प्रयोगही करायचे? शंका अगदी रास्त आहे. १९९६ साली नायजेरियातल्या कानो शहरात मेंदूज्वराची साथ आली होती. तेव्हा तिथल्या मुलांवर एका नव्या प्रतिजैविकाची चाचणी झाली. पालकांची संमती नीट घेतली होती का, यावरून पुढं वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. आफ्रिकेत ही आठवण पुसलेली नाही आणि पुसली जाऊही नये.

तरीही उत्तर किवूतली ती चिठ्ठी मला न्यायाची वाटते.

डॉ. जाँ-जाक मुयेंबे यांच्यापासून सुरुवात करू. १९७६ साली यांबुकू गावात एक अनोळखी ताप माणसं मारत सुटला, तेव्हा तिथं पोचलेले हे काँगोचे विषाणूतज्ज्ञ. हातमोज्यांशिवाय त्यांनी रुग्णांचं रक्त काढलं, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबेना, आणि ते स्वतः वाचले हे नशीबच. पुढं त्या रोगाला इबोला हे नाव मिळालं. १९९५ मध्ये किकवित शहरात पुन्हा साथ आली. मुयेंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्या माणसांचं रक्त आठ रुग्णांना चढवलं. सात वाचले. इबोलात सरासरी निम्मी माणसं दगावतात, हे लक्षात घेता हा आकडा थक्क करणारा होता.

पण रक्तामुळंच वाचले का? त्या आठ जणांची शुश्रूषाही इतरांपेक्षा चांगली झाली असेल. रक्त मिळेपर्यंत ते तगले होते, म्हणजे कदाचित एरवीही वाचले असते. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळं जगानं या निष्कर्षावर विश्वास ठेवला नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाचा वणवा पेटला. अठ्ठावीस हजारांहून अधिक रुग्ण, अकरा हजारांहून अधिक मृत्यू. तंबाखूच्या जातीच्या रोपांत तयार केलेलं झेडमॅप हे प्रतिपिंडांचं मिश्रण तेव्हा सर्वांत आशादायक मानलं जात होतं. त्याची रीतसर चाचणी सुरू व्हायला मार्च २०१५ उजाडला, तोवर साथ ओसरू लागली होती. जेमतेम ७२ रुग्ण मिळाले. औषध मिळालेल्यांत २२ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ३७ टक्के. फरक दिसतो खरा, पण इतक्या थोड्या माणसांत तो योगायोगही असू शकतो. एवढी माणसं गेली, आणि पुढच्या साथीतल्या डॉक्टरला खात्रीनं सांगता येईल असं औषधाबद्दल काहीच हाती लागलं नाही. मला हा दुसरा मृत्यू वाटतो.

उत्तर किवूत ही चूक पुन्हा करायची नाही, असं मुयेंबे यांच्या किन्शासातल्या राष्ट्रीय संस्थेनं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था सोबत होती. चाचणीचं नाव ‘पाम’. एका गटाला झेडमॅप आणि दुसऱ्याला रेमडेसिविर. तिसऱ्याला मिळणाऱ्या औषधाचं सांकेतिक नाव एमएबी ११४, आणि त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. किकवितच्या साथीतून वाचलेल्या एका माणसाचं रक्त अकरा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यात इबोलाविरुद्धची प्रतिपिंडं अजून शिल्लक होती. पेशीत शिरण्यासाठी हा विषाणू ज्या प्रथिनाला चिकटतो, तिथंच आडवं येणारं एक प्रतिपिंड निवडून प्रयोगशाळेत वाढवलं गेलं. मुयेंबे यांनी १९९५ मध्ये जे रक्तासकट दिलं होतं, त्याचा नेमका अर्क म्हणावा असं हे औषध. चौथं, आरईजीएन-ईबी३, हे तीन प्रतिपिंडांचं मिश्रण. कोरी सलाइन कुणालाच दिली नाही. पाणी, क्षार, साखर, प्रतिजैविकं, हिवतापाची औषधं हे सगळं प्रत्येकाला मिळत होतं.

आता परिसर पाहू. बेनी शहराभोवती सशस्त्र टोळ्यांच्या कत्तली चालू होत्या. डिसेंबर २०१८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत इबोला आणि असुरक्षितता यांचं कारण देऊन बेनी आणि बुटेंबोतलं मतदान मार्चपर्यंत पुढं ढकललं गेलं. नवा अध्यक्ष मात्र जानेवारीतच शपथ घेऊन मोकळा झाला. लाखो लोकांचं मत बाद झालं ते एका आजाराच्या नावानं. हा आजार खोटा आहे, हे राजकारण आहे, असं लोक म्हणू लागले, तर त्यांना अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला? वर्षानुवर्षं कत्तली होत असताना न आलेल्या गाड्यांचे ताफे इबोला येताच आले, हेही ते पाहत होते. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी काटवाचं उपचार केंद्र पेटवलं गेलं, तीन दिवसांनी बुटेंबोच्या केंद्रावर हल्ला झाला. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’नं तिथलं काम थांबवलं. १९ एप्रिलला बुटेंबोच्या रुग्णालयात बैठक चालू असताना कॅमेरूनचे साथरोगतज्ज्ञ डॉ. रिचर्ड मुझोको यांची गोळ्या घालून हत्या झाली.

अशा ठिकाणी चाचणी टिकली ती शुश्रूषेच्या जोरावर, असं माझं मत आहे. जुन्या इबोला केंद्रांत रुग्ण ताडपत्रीआड जायचा आणि घरच्यांना थेट मृतदेहाची पिशवीच दिसायची. उत्तर किवूत ‘अलिमा’ या संस्थेनं ‘क्यूब’ नावाच्या पारदर्शक खोल्या वापरल्या. भिंतींतच बसवलेल्या बाह्यांत बाहेरून हात घालून नर्सला सलाइन लावता येई. घामाघूम करणारा संरक्षक पोशाख दर वेळी चढवायला नको, आणि आईला पारदर्शक भिंतीपलीकडून लेकराशी बोलता येई. इबोलातून वाचलेल्या बायका, ज्यांना पुन्हा लागण होण्याची भीती जवळपास नव्हती, आजारी किंवा आईवेगळ्या झालेल्या बाळांना मांडीवर घेऊन बसत. आत काय चाललंय हे डोळ्यांनी दिसलं, तरच संमतीच्या कागदावरच्या सहीला अर्थ येतो.

९ ऑगस्ट २०१९ रोजी स्वतंत्र देखरेख समितीनं ४९९ रुग्णांची माहिती तपासली आणि चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवायला सांगितलं. तोवर एकूण ६८१ जण नोंदले गेले होते. २८ दिवसांत झालेल्या मृत्यूंचे अंतिम आकडे असे: झेडमॅप ४९.७ टक्के, रेमडेसिविर ५३.१, एमएबी ११४ चे ३५.१ आणि आरईजीएन-ईबी३ चे ३३.५. ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती, ते झेडमॅप स्पष्टपणे मागं पडलं होतं. डॉक्टरांनी आपापल्या अनुभवानं औषध निवडलं असतं, तर बहुतेकांना तेच मिळालं असतं, आणि ते चांगल्या हेतूनं दिलेलं असूनही माणसं दगावत राहिली असती. कोणतं औषध उजवं हे खरोखर कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हा चिठ्ठी हाच प्रामाणिक मार्ग उरतो. उत्तर मिळालं त्या दिवसापासून मागं पडलेली दोन्ही औषधं बंद झाली आणि नव्या रुग्णांना उरलेल्या दोहोंपैकीच एक मिळू लागलं.

यातलं रेमडेसिविर हे नाव आपल्याला नवं नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात, नागपुरात, गावोगावच्या मेडिकल दुकानांसमोर त्याच्या कुपीसाठी लोकांनी रात्री काढल्या, काळ्या बाजारात दागिने विकून पैसे मोजले. इबोला आणि कोविड हे वेगळे आजार आहेत, त्यामुळं एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. पण रुग्णालयात दाखल कोविड रुग्णांच्या मृत्यूंवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीनं ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं होतं. पुराव्याचा आवाज भीतीच्या गदारोळात पोचवायचा कसा, हे आपल्यालाही तेव्हा जमलं नाही.

मग युद्धातल्या प्रत्येक तंबूत चिठ्ठ्याच टाकायच्या का? तसं नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि बनगावच्या रुग्णालयात सलाइन संपली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्या हाती दिलं. त्यांनी तुलनेचा गट ठेवला नाही आणि ते बरोबरच होतं. ग्लुकोजसोबत सोडियम आतड्यातून शोषलं जातं आणि कॉलऱ्यातही ही वाट उघडी राहते, हे आधीच्या संशोधनातून ठाऊक होतं. १९६८ मध्ये ढाक्यात तोंडावाटे दिलेल्या द्रावणानं रुग्ण सावरलेही होते. जे माहीत आहे ते कुणाला नाकारून पाहायचं नसतं. बनगावात मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. ढाक्यात आधी झालेलं काम नसतं, तर त्यांनाही अंधारात चाचपडावं लागलं असतं.

‘पाम’नं सगळं सोडवलं असं मात्र नाही. रक्तात विषाणूचं प्रमाण फार वाढल्यावर आलेल्यांत उत्तम औषध मिळूनही दहापैकी सहा-सात जण दगावले. हे प्रमाण कमी असताना आलेल्यांत दहापैकी एक. लक्षणं दिसू लागल्यावर उशिराचा प्रत्येक दिवस मृत्यूची शक्यता वाढवत होता, आणि तो उशीर बहुधा अविश्वासाचा किंवा वाटेवरच्या बंदुकांचा होता. सरस ठरलेल्या दोन्ही औषधांना २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली; साठा मुख्यतः अमेरिकेच्याच सुरक्षा भांडारात गेला. ज्यांच्या रक्तातून औषध निघालं आणि ज्यांनी चाचणीला शरीर दिलं, त्यांच्या दवाखान्यात ते कायम मिळेल याची व्यवस्था अजून झालेली नाही. हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

शिवाय विषाणू लपून राहतो. एमएबी ११४ घेऊन बरा झालेला एक रुग्ण सुमारे सहा महिन्यांनी, डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा आजारी पडला आणि त्याच्यापासून ९१ जणांची साखळी लागली. डिस्चार्जनंतर वाचलेल्यांना वर्षानुवर्षं तपासत राहणं म्हणूनच उपचाराचाच भाग आहे, आणि त्यासाठी रस्ते, रेफ्रिजरेटर, वीज, तंत्रज्ञ एका जागी टिकावे लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये गोमा शहरात अशा कामासाठी मोठी प्रयोगशाळा उघडली. जानेवारी २०२५ मध्ये बंडखोर गोम्यात शिरले, तेव्हा तिथं ठेवलेले इबोलासारख्या रोगांचे नमुने सुरक्षित ठेवा, अशी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसला जाहीर विनंती करावी लागली. त्याच आठवड्यात शेजारच्या युगांडात इबोलाच्या सुदान जातीची साथ जाहीर झाली. या जातीवर ‘पाम’मध्ये सरस ठरलेली दोन्ही औषधं चालत नाहीत. या खेपेला तिथल्या संशोधकांनी उशीर केला नाही. चार दिवसांत लशीची चाचणी सुरू केली.