साठवलेलं किती महिने पुरेल?

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर तसंच ऐका, पण नंतर वही घेऊन एक हिशेब करायचाय. घरात येणारा पैसा उद्या बंद झाला, तर साठवलेल्यावर घर किती दिवस चालेल?

बैठकीत आम्ही हे विचारतो तेव्हा उत्तर पटकन येतं. ‘निघतील की सहा महिने.’ 2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या गटातल्या एका ताईंनी तर वर्ष सांगितलं होतं. त्यांचे मालक शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि कमाई थांबली. साठवलेले 96 हजार, घरखर्च महिना 8 हजार, म्हणजे बारा महिने, असं ताईंचं सरळ गणित.

आम्ही फोनवरच ते 96 हजार सुटे केले. बँकेच्या खात्यात 21 हजार. मुदत ठेव 40 हजार. गटातली बचत 15 हजार. भिशीत भरलेले 12 हजार. दिराला उसने दिलेले 8 हजार.

आता यातले आठ दिवसांत हातात किती येतील? गटातली बचत आपलीच, पण ती इतर बायकांकडे कर्जाऊ फिरत असते. आमच्या गटात गट सोडल्याशिवाय ती मिळत नाही. तिच्या भरवशावर कर्ज मिळतं, पण कर्ज ही काही साठवण नव्हे. भिशीत ताईंचा नंबर शेवटचा, आणि तोवर दरमहा हजार रुपये भरायचे ते वेगळेच. दिराचंही काम बंद होतं. राहिली ठेव. ती मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी होती. ‘तिला हात लावायचा नाही,’ असं मालकांनी बजावलेलं. उरले 21 हजार.

खर्चाकडेही असंच झालं. आठ हजारांत किराणा, दूध, गॅस, वीज, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, सगळं होतं. व्हॅनचा 7,800 रुपयांचा हप्ता मात्र नव्हता, कारण तो मालक कमाईतून परस्पर भरायचे. भिशीचे हजार आणि गटाचे दोनशे धरले तर महिना 17 हजार. 21 हजारांत तो महिना सव्वा वेळा निघतो. वर्षाचा झाला सव्वा महिना! फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

म्हणून आम्ही सांगतो, हिशेब करताना हप्ते आधी लिहा, किराणा नंतर. पोटाला चिमटा काढून महिन्याला पाचशे वाचतात, हप्ता एका फटक्यात निम्मा महिना खातो. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. व्याज थांबलं नव्हतं, हे पुष्कळांना मागून कळलं. तरी ताईंनी ती घेतली, आणि आमच्या मते बरोबरच केलं. हप्ता वगळून महिना 9,200 वर आला, सव्वादोन महिने हाती आले. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागलं, ताईंच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून पाचशे-पाचशे आले, तेवढाच टेकू.

त्या सव्वादोन महिन्यांत घरात खूप वादावादी झाली. मालक म्हणायचे, शाळा जूनला उघडतील. ताई म्हणायच्या, नाही उघडल्या तर? शेवटी मे महिन्यात, खात्यात दहा-बारा हजार शिल्लक असतानाच, व्हॅनमधल्या सीटा काढून त्यांनी भाजी विकायला सुरुवात केली. पहिल्या मालाला रोख पैसे लागले, ते होते म्हणून जमलं. खातं रिकामं झाल्यावर हेच सुचलं असतं तर भाजी कशानं भरली असती?

सप्टेंबरला हप्ते पुन्हा सुरू झाले तेव्हा भाजीवर भागेना. ताई गटाकडे कर्ज मागायला आल्या. आमचा दर शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. ठेवीवर कर्ज घेतलं तर बँक साधारण ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लावते. आम्हीच त्यांना बँकेत पाठवलं. यावरून गटातल्या काहीजणी आमच्यावर रुसल्या, गटाचं व्याज बुडवलं म्हणून. ठेव मोडली नाही, मुलीचा प्रवेश एक वर्ष उशिरा पण झाला.

पुढच्या बैठकीला येताना पासबुक आणा, हप्त्यांच्या पावत्या आणा. गोळ्या-औषधांचा खर्च वेगळा लिहा, तो कमी करायच्या यादीत धरू नका. डाळीच्या डब्यातलेही मोजा. ते घरात सांगायचे की नाही, तुमचं तुम्ही बघा. आम्ही आकडा विचारणार नाही, फक्त महिने विचारू.